रस्त्यावरच्या कुरडया

तुम्हाला आमच्या नांदेडच्या हवालदारांचं सांगितलं का? आमच्या घरासमोर दुपारी पोरं बाइकच्या शर्यती लावायची. माझी चार वर्षांची मुलगी तोच रस्ता ओलांडून अंगणवाडीतून येते, म्हणून मी ठाण्यात अर्ज दिला. इतक्या शुद्ध मराठीत, की कुणी पूर्ण वाचलाच नसावा. उत्तर मिळालं, "ताई, माणसं कमी हायेत."

शेजारच्या मंगलकाकू म्हणाल्या, "अर्ज ऱ्हाऊ दे, कुरडया घाल." गल्लीतल्या बायकांनी साड्या अंथरून रस्ताभर कुरडया घातल्या. पोरं थांबली. स्वतःच्या आईच्या कुरडयांवरून गाडी कोण घालणार?

अर्ध्या तासात हवालदार हजर. "रस्ता अडवल्याची तक्रार हाय."

"कुणाची?"

त्यांनी गुपचूप पोरांकडे बघितलं.

मी बोलून गेले, "साहेब, यांच्या तक्रारीला बरा माणूस मिळाला!"

हवालदार ओशाळले. "उचला हे. उद्यापासून लेकरू यायच्या टायमाला मी उभा ऱ्हातो."

"आणि नाही आलात तर?" मी विचारलं.

त्यांच्याआधी काकूच बोलल्या, "पापड बाकी हायेत आमचे."

हवालदार रोज येतात. पापड आम्ही गच्चीवर वाळवले.