तिसऱ्या जागेचं ऊन

हॅलो? … हो, मीच. बोल गं… नाही, निघाले नाही अजून. तिसऱ्या जागेवरच आहे, माळावर. ऊन मोजायचं यंत्र उतरवायला आले होते, पण… अगं ऐक ना, अहवाल गेला का साहेबांकडे? … मग थांबव. पाच वाजता समिती सौर प्रकल्पाची जागा ठरवणार, त्याआधी थांबव.

सही? … माझीच आहे, माहीत आहे मला. म्हणूनच सांगतेय.

नाही, बाकीच्या चार जागांचे आकडे बरोबर आहेत. घोळ इथला आहे. आपण काय लिहिलंय? उन्हाळ्यात इथे हवेत धूळ फार, म्हणून ऊन कमी भरतं… हो, मीच लिहिलं. आणि म्हणून ही जागा सगळ्यांत शेवटी… धूळबीळ काही नाही गं. यंत्रावर टोपडं होतं.

टोपडं. बाळाला घालतात ते… हसू नकोस. यंत्र सांभाळायला मावशी ठेवल्यात ना, त्यांनी शिवलंय. पातळ पांढऱ्या कापडाचं, नाडीसकट, काचेच्या घुमटावर अगदी बेतून. त्यांच्या दारात दोरीवर वाळत होतं. म्हटलं, नातवाचं का? तर म्हणाल्या, नाही, तुमच्या यंत्राचं. उन्हाळ्याचे चारही महिने, जेवून उठल्या की घालायच्या, ऊन कललं की काढायच्या… का म्हणजे? तापतं म्हणून. बिचारं दिवसभर उघड्यावर उभं, म्हणाल्या.

हो… हो, ते ऊन मोजतं हे माहीत आहे त्यांना. पण सकाळभर मोजून झालंय, घटकाभर विसावलं तर काय बिघडलं, असं त्यांचं.

नाही गं, त्यांना कशाला बोल लावायचा? रोज पहाटे काच पुसायची, त्याआधी तोंडात पाण्याचा थेंब नाही. वर्षभरात एक दिवस नेम चुकला नाही. आणि मीच सांगून गेले होते, मावशी, पोटच्या पोरासारखं जपा. नीट समजावून सांगायला किती वेळ लागला असता? मला गाडी गाठायची होती.

दुपारचे आकडे अंदाजाने भरायचे? … नको. कधी घातलं, कधी काढलं, कोण सांगणार? कमी लिहिलं तर इथल्या चाळीस घरांचं काम जातं. मावशींचा मुलगाही परत यायचं म्हणतोय. आणि वाढवून लिहिलं तर दुसऱ्या कुणाच्या तोंडचा घास… नाही, माझ्या हातून नको ते. दे साहेबांना फोन.

नमस्कार साहेब… हो, ऐकलंत ना… चूक माझी, लेखी देते… नाही, ही जागा सगळ्यांत चांगली, असं नाही म्हणत मी. ती नापास झालेली नाही, एवढंच. तिची परीक्षाच झाली नाही… एक उन्हाळा द्या… समितीपुढे मी उभी राहीन… बढतीचं? … राहू दे. ती पुन्हा केव्हातरी… यंत्र? याच मावशी सांभाळतील. … हो, याच. दुसरं कुणी नको साहेब.

… फार आभारी आहे.

हं, बोल… दिला गं. एक उन्हाळा दिला… पण चिडलेत, चिडू दे.

आता मावशींना सांगायचंय… अगं, तेच तर सुचत नाहीये. इतकं जपू नका, हे माणसाला कोणत्या तोंडाने सांगतात? … हो… आधी माझी चूक सांगेन, मग त्यांची… चल, ठेवते. दाराशी आल्या त्या.