सरळ केलेली रेघ

अध्यक्षस्थानी असलेले चारुदत्तजी, मंचावर अवघडून बसलेले आजचे उत्सवमूर्ती प्रबोधराव आणि स्मितावहिनी, आमचे मॅनेजर शैलेंद्र, आणि वड्यांच्या वासाने सारखं मागे वळून पाहणाऱ्या माझ्या टॅम्पिनीसकर मंडळींनो,

प्रबोधराव, तोआ पायोहच्या ऑफिसातली एक दुपार आठवते? साल शहाण्णव. खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून तुम्ही दोन कॉफ्या आणल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोरीला लटकवून. माझी पिशवी फॅक्स मशीनवर फुटली. तुम्ही म्हणालात, "अरुणाताई, दाब हळूहळू वाढवायचा असतो!"

हे वाक्य त्यांच्या धंद्याचं. समुद्रातली तेलविहीर खणताना लोखंडी पाइप सिमेंटने पक्का बसवतात, त्याखाली तीनेक मीटर नवा खडक खणतात, तोंड बंद करतात आणि पंपाने जड मड, म्हणजे विहिरीत भरायचा पातळ चिखल, थोडं थोडं आत दाबतात. प्रत्येक वेळी दाब लिहायचा. कागदावर ठिपके सरळ रेषेत चढतात. जिथे रेघ वाकते, तिथे खडक म्हणतो, "बास बाई, आता मी गळतो." पंप थांबवायचा. पुढे मड किती जड चालेल, ते या वाकण्यावरून ठरतं. खडकाची सहनशक्ती मोजतात हो. नवऱ्यांची कोणी मोजतं का?

त्याच वर्षी प्रबोधराव रिगवर होते. ते फोनवर आकडे सांगायचे, मी आलेख काढून तेल कंपनीला फॅक्स करायची. एकदा शेवटचे तीन ठिपके खाली घसरले. आता मी बेळगावच्या कॉन्व्हेंटची. वहीत रेघ वाकडी आली की सिस्टर बोटांवर पट्टी मारायच्या. मी नवा कागद घेतला, पट्टी ठेवली आणि तिन्ही ठिपक्यांना शिस्तीत रांगेत उभं केलं. इतका सुंदर आलेख मी आयुष्यात काढला नव्हता.

संध्याकाळी फोन. "अरुणाताई, कंपनी म्हणते खडक मजबूत आहे, मड आणखी जड करा. माझ्या वहीत तर रेघ वाकलीय!"

"वाकली होती," मी अभिमानाने म्हटलं. "मी सरळ केली."

फोन हातात तसाच धरून प्रबोधराव तिकडे कोणावर तरी ओरडले, "मड जड करू नका, थांबा!"

त्यांनी काम थांबवलं म्हणून खडक वाचला, आणि रिगवरची माणसंही. पण अर्धा दिवस रिग उभी राहिली. चूक कोणाची, लेखी कळवा, असं वरून आलं. त्याच महिन्यात माझ्या इथल्या, परदेशातल्या नोकरीच्या पासचं नूतनीकरण होतं, आणि आमचा मुलगा अमेय प्रायमरी टूमध्ये, म्हणजे दुसरीत. प्रबोधरावांनी लिहून दिलं, 'फोनवर आकडे वाचताना माझी चूक झाली.' मला म्हणाले, "माझं काय, रिगवर बसून आणखी थोडे मासे बघेन."

थोडे नाही, दोन वर्षं. त्यांची ऑफिसातली बदली तेवढी लांबली. स्मितावहिनींनी बुकित बातोकच्या फ्लॅटला हौसेने पडदे शिवले होते. त्या पडद्यांमागे त्यांनी दोन दिवाळ्या एकटीने काढल्या. मी फराळ घेऊन जायची, चकली पुढे करायची आणि खरं तेवढं गिळायची.

तेव्हापासून त्या घरात प्रबोधरावांना कोणी आकडा वाचू देत नाही. विजेचं बिल असो, टॅक्सीचा नंबर असो, वहिनी हातातून फोन घेतात. "थांबा हो, मी वाचते. तुमच्या आकड्यांनी एकदा विहीर बुडणार होती." आणि हा माणूस वीस वर्षं हसून फोन देतो.

वहिनी, चूक त्यांची नव्हती. माझी होती. आज तुम्ही दोघं कायमचे पुण्याला निघालात. हे सांगायचं राहिलं असतं, तर मला झोप आली नसती.

तुमच्या चेहऱ्यावरची रेघ वाकलेली मला इथून दिसतेय. मी पंप थांबवते.

आयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही वेडंवाकडं आलं असेल, तर यावेळी ते मुद्दाम सरळ केलेलं नाही. पदरात घ्या.

जाता जाता वाटप. टेबलावरच्या डब्यातले बेसनाचे लाडू अध्यक्षांना, त्यांनी घड्याळ दाखवलं नाही म्हणून. माझी लाकडी पट्टी शैलेंद्रना; त्यांना आलेख सरळ आवडतात, पण त्यांनी ती कुलपात ठेवावी. वाकलेल्या रेघेचा मूळ कागद, कॉफीच्या डागासकट मी जपलाय, तो स्मितावहिनींना. आणि वहिनींच्या पर्समधला फोन प्रबोधरावांना. आजपासून आकडे ते वाचतील.