आईच्या नजरेतलं वजन

तुम्ही पोरी डाएटचं बोलायला लागलात ना, की मला आधी थकवाच येतो गं. वजनावरून आईचं ऐकण्यात माझी अख्खी विशी गेली.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. आम्ही कांजूरमार्गला राहायचो. आई मूळची मालवणची. मी ऑफिसातून दमून यायची, ताटावर बसायची, की हिचं सुरू, "भात कमी घे गो, पुढे दारातून आत तरी येशील का?" मला भांडायचंही त्राण नसायचं.

त्यात मुलुंडचे लोक मला बघायला आले. मुलगा बरा होता, गप्प होता. त्याच्या आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हसत म्हणाली, "मुलगी छान आहे, पण अंगानं जरा जास्तच आहे. लग्नापर्यंत उतरवाल ना?"

मी मान खाली घातली. आई ताडकन उठली.

"उतरवायला ती काय तांदळाची गोण आहे? काडीसारखी आहे माझी पोर! तुम्ही आधी चष्मा बदला."

मंडळी अर्धा चहा टाकून निघून गेली. बाबा कपाळाला हात लावून बसले. माझे मात्र डोळे भरून आले. कपबश्या विसळताना मी विचारलं, "आई, खरंच तुला मी बारीक दिसते?"

आई गुडघे चोळत खाली टेकली.

"माका डोळे आसत गो. पण माझ्या चेडवाक, माझ्या पोरीक, मी बोलतलंय, ती कोण बोलणारी?"