वाढदिवसाचं शिबिर

(मुलुंडमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा हॉल. आरोग्याच्या प्रश्नांवरच्या हॅकेथॉनचा शेवटचा दिवस, दुपार. कोपऱ्यातल्या टेबलाशी ऋतिका आणि मुकुल, समोर लॅपटॉप.)

मुकुल : बग नाहीये गं. सगळं पुन्हा तपासलं. अ‍ॅप बरोबरच सांगतंय.

ऋतिका : मग सगळी नावं लाल कशी? तुझंच काहीतरी उलटं झालं असणार.

मुकुल : उलटं काय होणारे त्यात? एकदा रक्त दिलं की पुरुषांनी तीन महिने द्यायचं नाही, बायकांनी चार. तुमच्या मंडळाचे सगळे रक्तदाते मी भरले. सगळ्यांनी जानेवारीत दिलंय, तेही एकाच दिवशी. आत्ता फेब्रुवारी चालू आहे. म्हणजे आज यातलं कोणीच देऊ शकत नाही. सरळ आहे.

ऋतिका : कोणीच नाही?

मुकुल : एक हिरवं नाव आहे. कुणीतरी लता.

ऋतिका : ती माझी काकी. तिचं हिमोग्लोबिन माझ्यापेक्षा कमी. दरवर्षी हौसेने रांगेत उभी राहते, दरवर्षी तिला परत पाठवतात, मग ती सरबताच्या टेबलावर बसते.

मुकुल : मग तीही गेली. पण ऐक ना, हे तर झकास झालं. हाच आपला डेमो. एवढं मोठं शिबिर, एवढे दाते, आणि महिन्याभराने हाताला कोणी लागत नाही. आधी हा लाल स्क्रीन दाखवायचा, मग आपला प्लॅनर उघडायचा. परीक्षक गार.

ऋतिका : नाही. खोटी नावं भर. कुठलंही मंडळ, कुठलीही तारीख.

मुकुल : डोकं फिरलंय का तुझं? खरं आहे ना हे?

ऋतिका : खरं आहे म्हणूनच. पहिल्या रांगेत माझा काका बसणार आहे. राजाराम काका, मंडळाचा अध्यक्ष. ते शिबिर त्याचं आहे.

मुकुल : असेना. आपण काय त्याला शिव्या देतोय?

ऋतिका : तुला कळत नाहीये. ते शिबिर माझ्या वाढदिवसाला असतं, मुकुल. मला थॅलेसेमिया आहे हे कळलं तेव्हा मी धड बोलतही नव्हते. हिच्या अंगात रक्त नीट तयार होणार नाही, जन्मभर बाहेरून चढवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आई-बाबा रडत बसले. काका नाही बसला. त्याने बिल्डिंग गोळा केली. पुतणीच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर. तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही.

मुकुल : आणि तुला त्याचा उपयोग नाही.

ऋतिका : जानेवारीत होतो, फेब्रुवारीत होतो. लाल पेशींची पिशवी पाच-सहा आठवडे टिकते. पुढे मी आणि माझं नशीब. मे महिन्यात तर विचारू नकोस. आमचं निम्मं घाटकोपर गावाला, कॉलेजं बंद, शिबिरं बंद. आणि मला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतंच. त्याला काय सुट्टी असते?

मुकुल : हे काकांना माहीत नाही?

ऋतिका : कोण सांगणार? तू?

मुकुल : तू सांगायचंस. जीव तुझा आहे यार.

ऋतिका : आला बघ. शिबिराचा टी-शर्ट घालूनच आलाय. लॅपटॉप मिट.

राजाराम : काय गो, हंय लपान बसलंस? अख्खो हॉल फिरान इलंय. आणि हा मुकुल ना? नमस्कार रे बाबा. मी हिचा काका. घरात दिवसभर तुझाच जप असतो. मुकुल हे म्हणाला, मुकुल ते म्हणाला.

ऋतिका : काका.

राजाराम : बरां, गप रवतंय. मुकुल, ह्या नारळाच्या वड्या घे. लताने दिल्यात. स्टेजवर जायच्या आधी खा, आवाज मोकळा होतो. मगे, दाखव बघूया. आमच्या शिबिराबद्दल तुमचां मशीन काय बोलता?

ऋतिका : स्टेजवर बघशीलच ना.

राजाराम : स्टेजवर सगळेच बघतले. मी काय सगळ्यांतलो? माझां नाव खंय आसा, तेवढां दाखव.

मुकुल : दाखवतो, काका.

ऋतिका : मुकुल, नको.

मुकुल : हे बघा. तुम्ही सगळ्यात वर.

राजाराम : वा रे वा. राजाराम, आणि लाल. शोभता. रक्त देणाऱ्याक लालच रंग होयो. सगळेच लाल गो. बरां वाटलां बघून. ही एकटी हिरवी कोण? लता? बरोबर आसा, तिचा थेंब कधी कोणी घेतल्यानच नाय. मशीन हुशार आसा हां.

मुकुल : ऋतिका, तू सांगतेस की मी सांगू?

ऋतिका : मी सांगते. काका, बस जरा. ती खुर्ची ओढ.

राजाराम : बसलंय. काय झालां? रिपोर्ट वाईट इलो?

ऋतिका : रिपोर्ट ठीक आहे. लाल म्हणजे आज ज्याला रक्त देता येणार नाही तो माणूस.

राजाराम : म्हणजे?

ऋतिका : म्हणजे उद्या ब्लड बँकेने मला सांगितलं, रक्त कमी आहे, दाता घेऊन या, तर आपल्या मंडळातलं कोणी चालणार नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी दिलंय.

राजाराम : शिबिर एकाच दिवशी असता गो. रोज रोज कोण मांडव घालता? आणि यंदा बाटल्या किती झाल्या ठाऊक आसा? आजूबाजूच्या एका मंडळाचो आकडो आमच्या जवळ येऊक नाय.

ऋतिका : माहितीये. मीच मोजत होते. पण बाटल्या टिकत नाहीत, काका.

राजाराम : रक्त दिल्यावर कार्डां देतत ना डॉक्टर? कपाट भरलाहा कार्डांनी. कार्ड दाखवलां की रक्त.

ऋतिका : मे महिन्यात कार्ड दाखवलं की ते आपल्याला फ्रीज दाखवतात. रिकामा.

राजाराम : तुका रक्त मिळाक नाय, असां कधी झालां? माका कोणी बोलूक नाय.

ऋतिका : गेल्या मेमध्ये. तुला काय सांगितलं होतं, आठवतं?

राजाराम : ताप इलेलो. व्हायरल. मी देवळातसून फोन केलेलंय.

ऋतिका : ताप नव्हता. रक्त नव्हतं. बाबा ठाण्यापासून अंधेरीपर्यंत फिरत होते. मला आपला जिना चढवत नव्हता. माझा पेपर बुडाला तो त्याच आठवड्यात. आणि तू फोनवर विचारत होतास, आंब्याची पेटी पाठवू का म्हणून.

मुकुल : काका, पाणी देऊ?

राजाराम : नको. तू जरा गप बस. गो, माका कित्याक नाय सांगलंस? मिळेल ती गाडी धरून इलंय असतंय.

ऋतिका : म्हणूनच नाही सांगितलं. तू देवळाचा उत्सव टाकून आला असतास, आणि येताना गावातली सगळी पोरं गाडीत कोंबून आणली असतीस. सगळ्यांनी पुन्हा एकाच दिवशी दिलं असतं. जूनमध्ये परत सगळे लाल.

राजाराम : ह्यां तू माका आज सांगतंस. इतक्या वर्षांनी.

ऋतिका : तू टी-शर्ट छापतोस, मांडव घालतोस, महिनाभर दारोदार फिरतोस. माझ्यासाठी. त्याला नावं कुठल्या तोंडाने ठेवू?

राजाराम : तुझ्यासाठी करतंय, आणि तुकाच मिळणा नाय. मगे ह्यां कोणासाठी? पेपरात फोटो येवक?

ऋतिका : तसं नाही रे. जानेवारीत त्या रक्तावर कितीतरी माणसं उभी राहतात. ते खोटं नाही.

राजाराम : माका समजावू नको. माका राग इलोहा. तुझो नाय. माझोच.

ऋतिका : मग रागातच एक सांग. नवरात्रात आरतीचा मान तू कसा देतोस?

राजाराम : मजल्याप्रमाणे. रोज एक मजलो. तेचां हंय काय?

ऋतिका : पहिल्याच दिवशी सगळ्या मजल्यांनी आरती करून टाकली तर?

राजाराम : तर उरलेले दिवस देवीसमोर मी एकटोच टाळ कुटीत बसतलंय.

ऋतिका : मी मे महिन्यात तशीच बसते.

राजाराम : …मुकुल, हे तुमचं मशीन मजले वाटतं?

मुकुल : तेच करतं, काका. दर महिन्याला थोडी माणसं. कोणी शेवटचं कधी दिलं, कोणाचा गट कुठला, कोण गावाला कधी जातं, सगळं बघून. ज्याची वेळ आली त्याला मेसेज जातो.

राजाराम : मेसेज आमच्याकडे कोण वाचत नाही. गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली जातो. आरतीचा मान मी गेटवरच्या फळ्यावर लिहितो. फळ्यावर नाव आलं की कोणी चुकवत नाही. लाजेखातर का होईना, येतात.

मुकुल : चालेल. दर महिन्याची नावं अ‍ॅप तुम्हाला देईल. फळा तुमचा, खडू तुमचा, लाजही तुमच्या बिल्डिंगची.

राजाराम : पोरगा बरा आहे हा. पण गो, आमचो पयलो नंबर जातलो.

ऋतिका : जाईल.

राजाराम : पलीकडचां मंडळ ढोल वाजवतला.

ऋतिका : वाजवेल.

राजाराम : वाजवूंदे. किती दिवस वाजवतले?

ऋतिका : काका, स्टेजवर मी दुसरंच नाव दाखवते. तुझं मंडळ, तुझं शिबिर, काही येणार नाही.

राजाराम : कित्याक? आमचांच दाखव. सगळे लाल दाखव. ही चूक काय मी एकट्यानच केलंय? जिकडे तिकडे तसांच. जयंती इली, घाला शिबिर. पुढाऱ्याचो वाढदिवस इलो, घाला शिबिर. चार मंडळां एकाच रविवारी रक्त घेतत आणि मगे वर्षभर हात झटकून बसतत. तेंका कोण सांगतलो? खोट्या मंडळाची चूक कोण मनावर घेता?

ऋतिका : लोक तुझ्याकडे बघतील.

राजाराम : बघूंदेत. म्हणून तर पहिल्या रांगेत बसतंय. कोणी इचारल्यान, कोण तो राजाराम, तर उभो रवतलंय. तू अडखळा नको म्हणजे झालां.

ऋतिका : मी नाही अडखळत.

राजाराम : माका ठाऊक आसा. माझ्यासमोर अडखळाक नाय, तर तेंच्यासमोर काय अडखळतलंस?

मुकुल : आपलं नाव पुकारलं. चला, चला.

ऋतिका : काका, वाढदिवसाला मग काय? शिबिर नाही म्हटल्यावर?

राजाराम : तुका काय होयां?

ऋतिका : केक. नुसता केक. दरवर्षी त्या दिवशी मी ग्लुकोजची बिस्किटं वाटत उभी असते.

राजाराम : पहिल्या वाढदिवसाक आणलेलंय गो मी. सशाच्या तोंडाचो. तेच्यानंतर तुझो आजार कळलो आणि केक ऱ्हवलोच. …आणूया. मुकुल, थांब. एक मिनिट. ते मशीन पुढे जातं? मे महिना दाखव.

मुकुल : हा मे. बघा, जानेवारीत दिलेले बहुतेक मोकळे झाले. पण गावाला जाणाऱ्यांसमोर मी खूण केलीये, म्हणून ते हिरवे दिसत नाहीत, राखाडी दिसतात. तुम्हीही.

राजाराम : माझी खूण काढ.

ऋतिका : काका, देवळाचा उत्सव असतो तेव्हा. तुझ्याशिवाय पालखी हलत नाही म्हणतात.

राजाराम : पालखीक खांदे मिळतत. काढ रे.

मुकुल : काढली.

राजाराम : हिरवो झालंय?

मुकुल : झालात.

राजाराम : मगे तसोच ठेव.