पेट्रोल तं काठोकाठ हाये!

नाही, तुम्हीच सांगा, मोटारसायकलच्या पेट्रोलच्या झाकनाले जे बारीकसं भोक असते, ते काऊन ठेवलेलं असते? उगंच? बनवनाऱ्याच्या हातातून खिळा निसटला म्हनून? नाही ना! पन आमच्या भगवानरावले हे कोन सांगन... आं? कोन सांगन? पन्नास एकर वावर, पांढरंफक धोतर, इस्त्रीची टोपी, अन् बुडाखाली अख्ख्या चिखलीतली तिसरी मोटारसायकल! अशा मानसाले 'तुमचं चुकलं' म्हनायले छाती लागते, अन् ज्याच्यावर ते म्हनायची पाळी आली तो कचरू कसा, तं मांजर आडवं आलं तं मांजरालेच 'जा बाप्पा, आधी तू जा' म्हननारा!

तं तुम्हाले सांगतो, कचरूले मास्तरकीची ऑर्डर आली. ट्रेनिंग करून दोन वर्सं घरी बसला होता, माय तानाबाई लोकायच्या वावरात कापूस वेचून घर चालवून राह्यली, घरान्यात पहिलाच मास्तर होनार... अन् ऑर्डर हातात कवा पडली? वीस तारखेले, सकाळी सात वाजता! आठ दिवस ती शेजारच्या गावात दुसऱ्याच एका कचरूच्या घरी पडून होती, त्यानं नवव्या दिवशी कोनाकडून तरी वाचून घेतली अन् म्हने, 'अरे, मी तं शाळेतच नाही गेलो, मी कसा मास्तर?' अन् आत लिहिलं काय? 'दिनांक वीस रोजी दुपारी बारापर्यंत मेहकर पंचायत समितीत हजर व्हावे, अन्यथा प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवारास संधी देण्यात येईल.' वीस रोजी म्हंजे कवा? आजच! बारापर्यंत!

मायनं फडक्यात भाकरी बांधून देली, पोरगं ट्रंक घेऊन चिखलीच्या ष्ट्यांडवर पळत आलं, तं बाजाराचा दिवस, येष्टी दाबून भरलेली, दारात मानसं लटकलेली, गेली ती धूळ उडवत. दुसरी अकराले. कचरू ट्रंकेवर बसला अन् त्याच्या डोयात पानीच आलं... अन् तेवढ्यात फटफटफटफट! कोन? भगवानराव!

"काय बे कचरू, काऊन असा बसला?"

कचरूनं कागद दाखवला. भगवानरावनं तो वाचल्यासारखा केला अन् म्हने, "मेहकर? चोवीस मैल? हात्तिच्या! एका घंट्यात नेऊन टाकतो! टाकी आत्ताच भरली, पाह्य, काठोकाठ!"

आता भल्या मानसानं मदत केली, त्यात खोट नाही बरं का, मानूस दिलदारच. निंघाले नऊले. कचरू मागं, ट्रंक मांडीवर, वारं कानात, अन् मनात एकच, 'बारा, बारा, बारा'... चार मैल गेले नाही तं गाडी फुर्र... फुर्र... फुस्स! बंद!

भगवानराव उतरले. पहिलं काय केलं, तं टाकीचं झाकन फिरवलं. सुस्स असा आवाज झाला, त्यायनं आत डोकावलं अन् म्हने, "पेट्रोल तं काठोकाठ हाये!" मंग पिलग खोलला, धोतराले लागू न देता फडक्यानं पुसला, फुंकला, उन्हात धरून पाह्यला जसं काही हिराच, पुन्हा बसवला, झाकन घट्ट लावलं, किक मारली... अन् चालू! "पाह्यलं? पिलगच होता! मले आवाजावरूनच समजलं!" बरोबर वीस मिन्टं गेले. मधातच पुंजाजी शिंपी सायकलवर, हँडलले शिवलेल्या कपड्यायचं गाठोडं, टुनटुन घंटी वाजवत, "काय झालं भाऊ?" म्हनत पुढं निंघून गेला.

पुन्हा चार मैल. पुंजाजीले मागं टाकलं, भगवानरावनं त्याले मुद्दाम हॉर्न देला... अन् फुर्र, फुर्र, फुस्स! झाकन फिरवलं, सुस्स, "पेट्रोल तं काठोकाठ हाये!" मंग कार्बोरेटर. रस्त्याच्या कडंले धोतर आवरून बसले, बारीकशी जेट, पेट्रोल जायची पितळी तोटी, काढली, तोंडात धरून फुंकली, तोंडात पेट्रोल गेलं, थू थू थू करत दहा मिन्टं गुळन्या. चार बुकं अन् मायची भाकरी असलेली ट्रंक धरून कचरू उभा. घड्याळ भगवानरावच्या मनगटावर अन् नजर कचरूची त्याच्यावर! किक मारली, चालू! "जेटच होती! पिलग बहाना होता!"

तिसऱ्या खेपेले तं कहर. फुस्स. झाकन, सुस्स, "पेट्रोल तं काठोकाठ हाये!" मंग खालची नळीच उपसून काढली, तं धो धो पेट्रोल! "नळीतूनबी येते, मंग बिमारी कुठी हाये?" म्हने, अन् गाडीकडं पाहायचं सोडून कचरूकडं पाहू लागले. "तुह्या ट्रंकेचं वजन हाये बे हे! चढ लागला ना!" आता चढ कुठी? एवढीशी उताराची उलटी बाजू! पन कचरू उतरला, ट्रंक डोक्शावर, अन् मोटारसायकलच्या मागं मागं पायी! अन् पुंजाजी शिंपी पुन्हा टुनटुन! थांबून म्हने, "गुरुजी, बसता का कॅरेजवर?" कचरूच्या जिभेवर 'हो' आलं होतं, तुम्हाले सांगतो... पन भगवानरावले सोडून सायकलवर बसायचं? एवढा मोठा मानूस आपल्यासाठी पेट्रोल प्याला! कचरूनं 'हो' गिळून टाकलं. पुंजाजी गेला.

पौने अकरा!

कसेबसे हिवऱ्यापर्यंत आले अन् सोजराबाईच्या चहाच्या हाटेलापुढं गाडी अशी बंद पडली जसं तिलेच चहा पाहिजे होता. झाकन, सुस्स, "पेट्रोल तं..." एवढंच बोलून भगवानराव बाजेवर बसले. "चहा पेऊ. गाडी तापली असन. थंडी होऊ दे." थंडी होऊ दे! अकरा वाजले होते, हो! कचरूच्या हातातली बशी खुळखुळ वाजून राह्यली, चहा खाली सांडून राह्यला. त्याच्या डोयापुढं काय? मेहकरच्या हपिसात एक मानूस बसलेला, पेनाचं टोपन काढून तयार, अन् घड्याळाचा काटा बारावर...

तेवढ्यात सोजराबाईनं भज्यायसाठी तेलाचा नवा डबा घेतला. खिळ्यानं एक भोक पाडलं, डबा वाकडा केला. गुडुक... गुडुक... अन् बंद. आत डबा भरेल, पन थेंब पडंना. बाई म्हने, "मुडद्याले वारं नाही लागून राह्यलं." अन् दुसऱ्या कोपऱ्यात आनखी एक भोक पाडलं, ठक! अन् काय धार लागली म्हनता! सरळ!

कचरूच्या हातातली बशी थांबली.

वारं! अरे, वारं! ट्रेनिंगात त्यानं 'हवेचा दाब' हाच धडा घेतला होता, पेला, पुठ्ठा अन् पानी घेऊन, पासष्ट गुन भेटले होते, अन् सकाळपासून ती टाकी सुस्स करून करून सांगून राह्यली होती! हवा आत जात नाही, म्हनून पेट्रोल खाली येत नाही. झाकन उघडलं का हवा जाते अन् गाडी चालू! पिलग नाही, जेट नाही, ट्रंक तं नाहीच नाही! समजलं सगळं... पन सांगायचं कसं? भगवानराव चहा फुंकून फुंकून सांगून राह्यले होते सोजराबाईले, "गाडी मले अशी समजते जशी माही बैलजोडी!" कचरूनं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. गाडी चालू झाली, हे बसले, निंघाले.

चार मैलांवर फुस्स. घड्याळात साडेअकरा. भगवानरावनं पाना काढला अन् कचरूच्या तोंडून निंघूनच गेलं, "भाऊ, हात लावू नका!"

भगवानराव वळले. "काय म्हनला?"

"नाही... म्हंजे... पाया पडतो, एकडाव कशालेच हात लावू नका. फकस्त झाकन उघडा, लावा, अन् किक मारा. चालू नाही झाली तं मी ट्रंक घेऊन पायी जातो."

"तू मास्तर हायेस का मिस्त्री बे?"

"अजून दोन्ही नाही, भाऊ! अन् बारा वाजले तं कधीच होत नाही!"

आता हे ऐकून भगवानरावनं पाना खाली ठेवला. झाकन उघडलं, सुस्स. लावलं. किक. फटफटफटफट! कचरूनं झाकन पुन्हा काढून उलटं केलं, नखानं खरडलं, तं भोकात काय? साबन! कपडे धुवायचा पिवळा साबन, दाबून दाबून भरलेला!

"मीच भरला," भगवानराव म्हने, अगदी हळू आवाजात. "धोतरावर पेट्रोलचे शिंतोडे उडत होते. मले वाटलं, नवीन गाडी अन् भोक पडेल झाकन देलं मले."

कचरूनं बाभळीचा काटा मोडला, साबन कोरून काढला, फुंक मारून भोकातून आभाळ पाह्यलं, झाकन लावलं. अन् तुम्हाले सांगतो, उरलेलं अंतर ती गाडी अशी पळाली जशी दावं तुटलेली कालवड! मेहकरच्या वेशीत पुंजाजीले मागं टाकलं, तं तोच टोपी काढून हवेत हलवू लागला!

पंचायत समितीत किसनराव कारकून. समोर रजिस्टर, वर भिंतीवर घड्याळ, बाराले सात कमी. अन् बाकावर कोन बसलेला, म्हनता? प्रतीक्षा यादीतला पुढचा उमेदवार. धुतलेले कपडे, केसाले तेल, हातात उघडा पेन... मीच, हो! मी! दुसरं कोन असन? दहा वाजल्यापासून घड्याळाकडं पाहून राह्यलो होतो, किसनरावचं मले "नाव सांगा तुमचं, लिहून ठेवतो" म्हनून झालं होतं, अन् दारातून हा आला! तेलकट हात, घामानं थबथब, डोक्शावर ट्रंक. "हजर!" म्हने. एवढंच. अन् एका हातानं डोक्शावरची ट्रंक धरून सही कराले गेला, तं कागद सरकून राह्यला, मलेच उठून त्याचा कागद धरावा लागला!

धरला. काय करता? आपल्या हातानं आपल्याच नोकरीचा कागद धरला. मंग पुढच्या साली मलेबी ऑर्डर आली, आम्ही जानेफळच्या शाळेत बारा वर्सं एकाच खोलीत शिकवलं, हे सगळं त्यानंच मले तिथी सांगतलं, तो भाग वेगळा. पन त्या दिवशी?

त्या दिवशी मले चिखलीवरून घरी जायचं, अन् येष्टी नव्हती. मंग भगवानराव मलेच म्हने, "चला गुरुजी, बसा मागं." अन् बसलो! चोवीस मैल! गाडी एकदाबी बंद नाही पडली, अन् ते मान मागं वळवून वळवून सांगून राह्यले, "तुम्हाले सांगतो, गाडीची खरी बिमारी झाकनात होती. कोनाले समजलं नसतं. मले आवाजावरूनच समजलं! ... अन् तुम्ही काय करता, गुरुजी?"

म्हनलं, "सध्या? ऐकून राह्यलो, भाऊ."