कागदावर नसलेलं शिवण

माननीय अध्यक्षसाहेब, मंचावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आपले फॉर्मवाले काका, आणि दारात ताटकळलेल्या बायांनो. पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, या आधी बसा.

मी चौथी शिकलेली. लिहून आणलंय, पण अडखळले तर हसू नका. आधीच्या वक्त्यांनी काकांना दीपस्तंभ म्हटलं. असतील. मला ते दिसतात जिन्याखालच्या खोलीत, कानाला पेन्सिल लावून आपले कराचे फॉर्म भरताना. "नोकरीचं झालं. जोडधंदा काय?" खरं कोण सांगतं हो? माना खाली घालू नका, मीही नाही सांगितलं.

माझी धाकटी बहीण शाळेत झाडलोट करायची आणि घरी शिवण. गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. पगारापेक्षा शिवणाचे पैसे जास्त. तिचा फॉर्म भरायला मीच घेऊन गेले. तिने गिऱ्हाइकांची वही काढली, काका लिहायला लागले. मी टेबलावरचा खोडरबर घेतला आणि पुसलं.

"बाई, कर फारसा बसणार नाही. पण कागदावर नसलेलं काम उद्या कुणी मानत नाही."

"तुमचं काय जातंय? पैसे तिचे जाणार!"

बहीण हळूच म्हणाली, "लिहू दे ना ताई. माझंच काम आहे ते."

"तू गप गं. तुला व्यवहार कळतो?"

काकांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "मग दुसरीकडे जा. खोटं माझ्या हातून नाही."

गेलो. दुसऱ्याने दोन मिनिटांत भरून दिला, पुढेही दर वर्षी त्यानेच. रस्त्यात मी म्हटलं, "बघ, कशी जिरवली म्हाताऱ्याची."

दोन वर्षांपूर्वी तिला मोटारीने उडवलं. उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. कोर्टात भरपाई मागितली, तर समोरच्या वकिलाने आमचेच फॉर्म काढले. "यात शिवण कुठे आहे? झाडू काय, डाव्या हातानेही धरता येतो." काका न बोलावता आले, तिची वही घेऊन उभे राहिले. उपयोग झाला नाही. भरपाई आली ती झाडूवालीची. मशीन विकलं.

"मी सांगितलं होतं," असं काका एकदाही म्हणाले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर रोज म्हटलं असतं.

काका उद्या लेकीकडे निघालेत. नव्या माणसाकडे जाल तेव्हा जे करता ते सगळं लिहा, एवढंच सांगायला मी उठले.

बोलायला दिलंत, आभार. काही वेडंवाकडं गेलं असेल तर सभेने पोटात घालावं. काका, तुम्हीही. तिसऱ्या रांगेत माझी बहीण बसली आहे, तिची मात्र मी माफी मागत नाही. मागितली की ती लगेच म्हणेल, "जाऊ दे गं ताई." ते मला ऐकवणार नाही.

बसते.