दोन तवे

(कोरियातल्या आंदोंगजवळचं खेडं. चुसोकच्या, म्हणजे पितरांना नैवेद्य दाखवायच्या सणाची सकाळ. अंगणात उभ्या गाडीत दोक्सू, पायांत नुसते मोजे. बाहेर त्याची धाकटी बहीण युनहे, हातात त्याचे बूट.)

युनहे : काच खाली कर ना दादा. निदान बूट तरी घे.

दोक्सू : ठेव टपावर.

युनहे : गाडी सुरू केलीस की पडतील.

दोक्सू : पडू देत.

युनहे : काकांना गप्प केलंय मी. आता कुणी हसत नाहीये.

दोक्सू : हसू देत की. मुगाचं धिरडं खाऊन अंगणात ओकणारा पन्नाशीचा बाप्या! मीही हसलो असतो.

युनहे : मला वाटलं, तू चिडशील, दोन शिव्या हासडशील आणि मग बसशील आमच्यात. एकदा पोटात गेलं की कळेल तुला, काही होत नाही म्हणून.

दोक्सू : म्हणून बाबांच्या तसबिरीपुढचं उचलून माझ्या ताटलीत वाढलंस. मी 'छान झालंय' म्हणेपर्यंत थांबलीस. आणि मग भरल्या घरात विचारलंस, बाबांचा नैवेद्य खाल्लास दादा, आभाळ कोसळलं का?

युनहे : कोसळलं का पण? तुझा देव धिरड्याला घाबरतो की काय?

दोक्सू : तुझ्याएवढी खात्री आमच्या पाद्र्यालाही नसते, युनहे.

युनहे : कसली खात्री?

दोक्सू : मला काही होत नाही, याची.

युनहे : तू आईचे गुडघे बघ आधी. बाबांसाठी एक तवा, आणि तुला त्यातलं चालत नाही म्हणून दुसरा. पहाटेपासून उभी असते ती. आणि आम्ही बाबांपुढे वाकतो तेव्हा तू इथं गाडीत बसून स्तोत्रं म्हणतोस! डोकं फिरलं माझं.

दोक्सू : मी म्हटलं होतं तिला, माझा पाव मी घेऊन येतो. तिनंच नको म्हटलं.

युनहे : ती नकोच म्हणणार. आई आहे ती.

दोक्सू : कारखाना बंद पडल्यावर मी पिऊन गटारात लोळायचो. तू, काका, सगळ्यांनी हात टेकले होते. तुमचं काही चुकलं नाही. पण चर्चवाल्यांनी उचललं मला. ते म्हणाले, मेलेल्यांना दाखवलेलं खायचं नाही. मी शब्द दिला. चुकीचा असेल तो शब्द, मला नाही कळत. पण त्यालाच धरून उभा आहे मी. तो सुटला तर पुन्हा कुठं जाऊन पडेन, सांगता येत नाही.

युनहे : हे कधी बोलला नाहीस तू.

दोक्सू : आईला बोललो होतो. ती म्हणाली, माझ्या घरात तुझ्या ताटलीत येईल ते तुझंच असेल. विचारू नकोस, खा. हे कुणापुढे ठेवलेलं का, असं सासरी विचारतो, लग्नाकार्यात विचारतो, लोक तोंडं वाकडी करतात. इथंच तेवढं विचारावं लागत नव्हतं.

युनहे : दादा...

दोक्सू : आई कुठंय?

युनहे : स्वयंपाकघरात. तवा घासतेय. तिच्या तोंडाकडे बघवेना मला. खरं सांगू? तुझे बूट द्यायला नाही आले मी. तिथून पळून आले.

दोक्सू : आण ते बूट इकडे.

आई : (धिरड्याची ताटली घेऊन येत) सरक गं. गरम आहे. दोक्सू, उतर खाली. घे.

दोक्सू : आई... हे कुठलं?

युनहे : नवं आहे दादा, बघ ना, आत्ताच—

आई : तू मधे बोलू नकोस. त्यानं मला विचारलंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंय.

दोक्सू : तोंडातून निसटलं गं आई.

आई : निसटू दे. तवा घासलाय, पीठ नवं, तेल नवं. कुणापुढे ठेवलेलं नाही. खा आता.

युनहे : आई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. तुझे गुडघे बघवत नव्हते म्हणून मी...

आई : गुडघे माझे आहेत. तुला वकीलपत्र दिलं होतं मी? दोन तवे होते, म्हणून नवरा नि मुलगा दोघंही माझ्या घरात जेवत होते. एवढं एकच मला जमलं होतं गं.

युनहे : आता काय करू, सांग.

आई : पुढच्या सणाला दोन्ही तवे तू सांभाळ. आधी ह्याचा लाव, मग बाबांचा. त्यांना कसली घाई आता!

युनहे : माझ्या हातचं खाईल हा?

आई : मला काय विचारतेस? समोर उभा आहे.

युनहे : खाशील, दादा?

दोक्सू : खाईन. विचारून खाईन.